सामाईक आवाज

काकांचा फोन दुपारी आला. मी कॉलेजात शिकवून नुकतीच बरकतपुऱ्याला घरी पोचले होते, पायातली चप्पलसुद्धा काढली नव्हती.

"तुझी काकू फोनवर होती," ते म्हणाले.

काकू जाऊन दुसरा उन्हाळा चालू होता. मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं.

"कोण होतं, काका?"

"काकू. आत्ताच बोललो. ठीक आहे ती. तू ये जल्दी, तुलाही ऐकवतो."

आवाजात घाबरणं नव्हतं, रडू नव्हतं. कुणी गावाहून आलंय, भेटून जा, असं सांगावं तसं ते सांगत होते. त्याचीच मला जास्त भीती वाटली. तशीच खाली उतरले, ऑटो केली आणि तारनाक्याला निघाले. वाटेत डॉक्टरांना फोन करावा की नको, हेच डोक्यात चाललं होतं. या वयात माणसाचं मन एकाएकी कुठे सरकेल सांगता येत नाही, आणि काका तर एकटे राहत होते.

काका म्हणजे माझे सख्खे चुलते. सगळी नोकरी रेल्वेत झाली, निवृत्तीनंतरही ते तारनाक्यातच राहिले. त्यांना मूलबाळ नाही. माझे वडील लवकर गेले, त्यामुळे माझं अर्धं बालपण या दोघांच्या घरात गेलं. काकू मला रागवायची ती आईच्या हक्कानं, आणि मी काकूवर रुसायचे तेही लेकीच्या हक्कानं.

काकांनी दार उघडलं. त्यांनी दाढी केली होती. भर दुपारी, कुठे जायचं नसताना, इस्त्रीचा सदरा घातला होता. मला खुर्ची दिली, मोबाईल स्टुलावर ठेवला, स्पीकर लावला आणि एक नंबर फिरवला. तो नंबर रक्त तपासणाऱ्या एका लॅबचा होता. आधी तेलुगूत, मग हिंदीत, मग इंग्रजीत सूचना झाल्या. मराठीसाठी चार दाबा. काकांनी चार दाबला.

"नमस्कार. बोला की," काकू म्हणाली.

मी इथे दुसरं काही लिहू शकत नाही. 'काकूसारखा आवाज' असं लिहिलं तर ते खोटं होईल. त्या क्षणी ती काकूच होती. 'बोला'मधला तो लांबवलेला 'ला', आणि बोलण्याआधी घेतलेला छोटासा श्वास, जिना चढून आल्यासारखा.

"मी बोलतोय," काका म्हणाले.

"हौ, ओळखलं की. परवाच तर बोललो आपण."

आमच्या हैदराबादी मराठीत परवा म्हणजे परवा नव्हे. काल सोडून मागे जे काही आहे ते सगळं परवा. इथल्या उर्दूतूनच ते आमच्याकडे आलं असणार. काकू स्वतःच्या लग्नाची गोष्टसुद्धा 'परवाच तर झालं' अशी सांगायची. पुण्या-मुंबईचे पाहुणे हसायचे, तेव्हा ती म्हणायची, मग काय, फार दिवस झाले का?

"साखर बघायची ना?" फोनमधली काकू विचारत होती. "जेवलात का? पाणी पीत जा. उठताना हल्लू उठा, एकदम नको. मग सकाळी पाठवू का माणूस?"

"पाठव," काका म्हणाले.

फोन बंद झाला. काका माझ्याकडे पाहून हसले. लहान मुलानं आपली वस्तू दाखवावी तसे. मला मात्र त्यांचा हात दिसत होता. बाही वर सरकली होती आणि कोपराच्या आतल्या बाजूला सगळं निळं-जांभळं झालं होतं. काही डाग जुने, पिवळे पडलेले. काही ताजे. दुसऱ्या हाताची बाही मी स्वतः वर केली. तिथेही तेच.

"काका, हे काय?"

"ती माणूस पाठवते ना, रक्त घ्यायला. तुला आज सांगितलं एवढंच."

"पण इतक्या वेळा? तुम्ही नको म्हणायचं."

त्यांनी बाह्या खाली ओढल्या. "तिला कधी नाही म्हटलंय का मी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा तारनाक्याला गेले. स्कूटरवरून लॅबचा माणूस आला. मी त्याला दारातच थांबवलं. तो ओशाळला. "मेरेकू क्या मालूम मॅडम, आर्डर आता तो मैं आता," तो म्हणाला आणि सामानाची पेटी बंद करून निघून गेला. आतून काका ओरडले, "कोण होतं? तिचा माणूस होता ना? परत का पाठवलास?" त्या दिवशी ते माझ्याशी नंतर बोलले नाहीत.

तो आवाज कुठून आला असेल, याचा अंदाज मला ऑटोतून परत येतानाच आला होता. त्यासाठी थोडं मागचं सांगावं लागेल.

आमच्या भागात मराठी लोकांचं एक छोटं मंडळ आहे. पिढ्यान्‌पिढ्या या शहरात राहिलेली घरं. कुणाचे आजोबा निजामाच्या काळी कचेरीत होते, कुणाकडे वकिली, कुणाकडे मास्तरकी. आमच्या मराठीला महाराष्ट्रात कुणी मराठी म्हणत नाही. आम्ही रुमालाला दस्ती म्हणतो, 'नको' म्हणताना 'नक्को' म्हणतो आणि आमटीच्या शेजारी चारू, म्हणजे रस्सम, वाढतो. काही वर्षांपूर्वी मंडळात पुण्याहून आलेली एक मुलगी येऊ लागली. आयटीत नोकरी, वय माझ्या विद्यार्थिनींएवढं. पहिल्या दिवशी आमचं बोलणं ऐकून ती खुदकन हसली, आणि हसल्याबद्दल इतकी लाजली की आम्हालाच तिची दया आली. पुढे तिनंच एक गोष्ट काढली. म्हणाली, "मॅडम, फोनला तुमची मराठी कळत नाही, ते तुमच्या लक्षात आलंय का? पुण्याची कळते. तुमची नाही. कारण तुमची मराठी त्याच्या कानावर कधी पडलेलीच नाहीये."

मग आम्ही ती त्याच्या कानावर घालायचं ठरवलं. घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांची बोलणी ध्वनिमुद्रित केली. कुणी लोणच्याची कृती सांगितली, कुणी रझाकारांच्या वेळची रात्र, कुणी नुसतीच सुनेची तक्रार. काकूनं तर दुपारच्या दुपार गप्पा मारल्या. मीच समोर बसून प्रश्न विचारत होते, आणि मागे रेल्वेची शिट्टी वाजली की ती थांबायची, गाडी जाऊ द्यायची, मग पुढे बोलायची. मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणींनी ते सगळं शब्दन्‌शब्द उतरवून काढलं.

हे ठेवायचं कुठे आणि कुणाच्या मालकीचं, यावर मंडळात एक बैठक झाली होती. आमचे अध्यक्ष जुने वकील. त्यांच्या घराण्याची पूर्वी मराठवाड्यात शेती होती. ते म्हणाले, "मालकी कुणाचीच नको. गावाचं गायरान असतं तसं असू द्या. ज्याची गुरं त्यानं आणावी, चारावी, न्यावी." सगळ्यांना ते फार आवडलं. एका माणसाच्या कपाटात कुलूपबंद राहण्यापेक्षा उघड्यावर, सगळ्यांसाठी. तसंच इंटरनेटवर ठेवलं आणि खाली लिहिलं, कोणीही, कशासाठीही वापरावं. टाळ्या झाल्या. खारी बिस्किटं आणि चहा झाला. राखणार कोण, हे कुणी विचारलं नाही.

मी त्या मुलीला घरी बोलावलं आणि सगळं सांगितलं. काकांच्या हातांचं सांगितलं तेव्हा तिनं कप खाली ठेवला. मग मोबाईलवर तो नंबर लावला, चार दाबला आणि बराच वेळ ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते आश्चर्य नव्हतं.

"मॅडम, हा काकूंचा आवाज नाहीये," ती म्हणाली.

"मी ओळखत नाही का तिला?"

"ओळखता. पण हा त्यांचा एकटीचा नाही. आपण जेवढ्या बायकांचे आवाज दिले ना, त्या सगळ्यांचा मिळून एक केलाय. बोलायची ढबही तिथूनच शिकलंय ते." तिनं मोबाईल पालथा ठेवला. "मलासुद्धा आत्ता क्षणभर वेगळंच कुणीतरी वाटलं. मी ज्यांची बोलणी उतरवली होती ना, त्यांच्यापैकी एक आजी."

तिनं लॅबला लिहिलं. लॅबनं ज्या कंपनीकडून ती फोनवरची बाई विकत घेतली होती त्यांच्याकडे बोट दाखवलं. कंपनीचं उत्तर अतिशय सभ्य होतं. तुमच्या समृद्ध संग्रहाबद्दल आभार. तुम्हीच लिहिलंय, कोणीही, कशासाठीही. त्यात खोटं काहीच नव्हतं.

आम्ही बैठक बोलावली. रविवारची दुपार. मंडळाचा हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली रस्त्यावर सेल लागला होता, त्याचा गोंगाट नको म्हणून खिडक्या लावून घेतल्या. काकांना मी आणणार नव्हते, पण ते स्वतःच ऑटोनं आले आणि मागच्या रांगेत भिंतीशी बसले. मुलीनं थोडक्यात काय झालं ते सांगितलं आणि लॅपटॉपवरून तो आवाज लावला.

"नमस्कार. बोला की. कोणासाठी तपासणी करायची?"

वकिलांनी चष्मा काढला. "ही आक्का आहे," ते म्हणाले. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिनं आमच्यासाठी ओव्या म्हटल्या होत्या आणि त्याच वर्षी ती गेली.

"नाही हो," एक निवृत्त शिक्षिका उठून उभ्या राहिल्या. "ही आमची आई. तो श्वास ऐका. दमा होता तिला."

तिसऱ्या रांगेतून कुणी म्हणालं, आत्या. कुणी म्हणालं, परत लावा. परत लावलं. पंख्याची घरघर चालू होती. त्यात तो आवाज एकेकाला त्याच्या माणसाच्या नावानं हाक मारत असल्यासारखा हॉलभर फिरत होता, आणि प्रत्येक जण मान वर करत होता. मला वाटलं होतं, इथे आल्यावर भीती कमी होईल. आपल्या एकटीला जे वाटलं ते इतरांना सांगितलं की हलकं होतं. तसं झालं नाही. एका वाक्यात इतक्या गेलेल्या बायका एकदम होत्या, आणि कुठलीच नव्हती.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक बाई बोलल्या. सुलतान बाजारात त्यांचं जुनं कापडाचं दुकान आहे, अजून रोज गल्ल्यावर बसतात. त्यांचंही बोलणं आम्ही मुद्रित केलं होतं.

"तुमच्या सगळ्यांच्या गेलेल्या आहेत. मी जिवंत आहे ना. हा आवाज माझा आहे."

त्या बोलल्या आणि हॉल गार पडला. कारण तो तोच आवाज होता. आत्ता लॅपटॉपमधून आलेला, जसाच्या तसा, फक्त आता त्याला तोंड होतं, कुंकू होतं, नाकात चमकी होती.

"नांदेडहून भाचा फोन करतो," त्या पुढे म्हणाल्या, "की मामी, तुम्ही लॅबमध्ये नोकरीला लागलात का? मी काय सांगू त्याला? मी दुकानात बसलेय आणि माझा आवाज घरोघर जाऊन लोकांचं रक्त मागायलाय!"

"बाई," कुणीतरी कळवळून म्हणालं, "तुम्ही जरा बोलू नका हो. सहन होत नाही."

त्या गप्प झाल्या. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. जिवंत माणसाला त्याच्याच आवाजापायी गप्प बसवलं होतं.

मग वाद झाला. कुणी म्हणालं, सगळं पुसून टाका. मुलगी म्हणाली, आपल्याकडचं पुसता येईल, पण त्या यंत्रात जे एकजीव झालंय त्यातून कुणा एकीला बाहेर काढता येत नाही. कुणी म्हणालं, कोर्टात जाऊ. वकील म्हणाले, कुठल्या तोंडानं, आपणच दार उघडून दिलं. तेव्हा मागून काका उभे राहिले. सगळ्यांनी वळून पाहिलं.

"भांडू नका," ते म्हणाले. "तुम्ही सगळे आपापली माणसं काढून घ्या. आई, आक्का, ज्याची जी असेल ती. मग उरेल ती आमची. तिला राहू द्या."

'काढता येत नाही' हे त्यांना आत्ताच सांगून झालं होतं. त्यांनी ते ऐकलंही होतं. बैठक तशीच मोडली.

दोन दिवसांनी दुकानवाल्या बाईंचा मला फोन आला. नंबर नवा होता आणि आवाज ऐकून मी फोन जवळजवळ टाकलाच. त्या म्हणाल्या, "मला तुझ्या काकांकडे घेऊन चल. मी बोलते त्यांच्याशी."

मला ते बरं वाटेना. पण मला दुसरा उपायही सुचत नव्हता. काका अजून तो नंबर फिरवत होते. मी लॅबला सांगून घरी येणारा माणूस बंद केला होता, म्हणून आता ते स्वतः लॅबमध्ये जायला लागले होते.

आम्ही तारनाक्याला गेलो. काकांनी पाणी दिलं. बाई त्यांच्या समोर बसल्या आणि कुठलीही प्रस्तावना न करता म्हणाल्या, "डोळे मिटा पाहिजे तर. मी बोलते."

काकांनी खरंच डोळे मिटले. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. बाहेर लख्ख ऊन होतं, खालच्या मजल्यावर कुणीतरी मिरच्या कांडत होतं. तरीही आपण इथे यायला नको होतं असं वाटत होतं.

"जेवलात का?" बाईंनी विचारलं.

काकांनी मान जराशी पुढे केली.

"औषध घेतलं का? पाणी पीत जा. हल्लू उठा."

काकांच्या पापण्या हलत होत्या. मग त्यांनी डोळे उघडले आणि बाईंकडे पाहिलं. अनोळखी माणसाकडे पाहावं तसं, नीट, शिष्टाचारानं.

"तुम्ही चांगलं बोलता," ते म्हणाले. "पण ती असं विचारत नव्हती."

"मग काय विचारायची?"

"काही नाही. जेवलात का असं तिनं मला कधी विचारलंच नाही. तिला माहीत असायचं. ती ताट आणून ठेवायची." त्यांनी मोबाईलकडे पाहिलं. "तो फोन विचारतो. रोज विचारतो. मला कसं नाही कळलं ते?"

बाईंनी पदरानं तोंड पुसलं. काकांनी बाह्या खाली ओढल्या, बटणं लावली, उठले आणि आमच्यासाठी चहा ठेवायला गेले. आत भांड्यांचा आवाज येत होता.

त्या आठवड्यात मी, ती मुलगी आणि काका लॅबच्या कचेरीत गेलो. काचेच्या खोलीत एक तरुण अधिकारी होता. मुलीनं सगळं नीट मांडलं. तो मान हलवत होता, मधूनच स्क्रीनकडे बघत होता. आपल्याकडून नियमाबाहेर काही झालेलं नाही असं तो दुसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा काकांनी दोन्ही बाह्या वर केल्या आणि हात टेबलावर उताणे ठेवले. डाग अजून गेले नव्हते. त्या पोरानं पाहिलं. मग त्यानं खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाला, "सर, तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलं होतं का एवढं?"

"नाही," काका म्हणाले. "बायकोनं."

पुढच्या काही दिवसांत लॅबचा मराठी आवाज बदलला. आता तिथे कुणीतरी स्वच्छ, कोरडं बोलतं आणि पहिल्याच वाक्यात सांगतं की हे यंत्र आहे. काकांनी एकदा लावून पाहिला आणि ठेवून दिला. तो जुना आवाज गेला, एवढं मात्र मी म्हणणार नाही. त्याच्या प्रती कुठे कुठे आहेत, हे ती मुलगीही सांगू शकली नाही.

पण आमच्याकडे जे होतं त्याचं काय करायचं, हे ठरवायला पुढचं जवळजवळ सगळं वर्ष गेलं, आणि त्यात पुष्कळ भांडणं झाली. निम्म्या लोकांना कुलूप लावायचं होतं. मुलगी हट्टाला पेटली. "कुलूप लावलंत तर तुमची मराठी परत कुणाच्या कानावर पडणार नाही," ती म्हणाली. "मग तुमची नातवंडं फोनशी पुण्याची मराठी बोलतील, नाहीतर बोलणारच नाहीत." वकिलांनी शेवटी आपलंच म्हणणं दुरुस्त केलं. "गायरान म्हणजे बेवारस जमीन नव्हे," ते म्हणाले. "आमच्या गावात राखण्या असायचा. कुणाची गुरं, किती, कधी, हे गाव ठरवायचं. मी फक्त गवताची आठवण ठेवली, राखण्याची विसरलो."

आता नियम साधे आहेत. साठा सगळ्यांचाच आहे, पण उघड्यावर नाही. ज्याला वापरायचा त्यानं यायचं, कशासाठी हवा ते सांगायचं, आणि त्यातून जे बनवलं ते बाहेर जाण्याआधी आम्हाला ऐकवायचं. यंत्र बोलणार असेल तर ते यंत्र आहे हे त्यानं आधी सांगायचं. त्यातून जे सुधारेल ते पुन्हा साठ्यात यायचं. ज्या घराला आपलं माणूस अमुक कामासाठी नको असेल त्यानं तसं म्हणायचं, आणि त्याला कारण विचारायचं नाही. काकूच्या बाबतीत काकांनी ठरवलं. तिच्या कृती, तिच्या गोष्टी, तिचे शब्द सगळ्यांचे. फोन, कचेऱ्या आणि दवाखाने यांना ती नको. काही अर्ज आम्ही आनंदानं मान्य केले. शाळेतल्या मुलांना धडे वाचून दाखवायचं एक काम होतं, अंध माणसांसाठी बोलका शब्दकोश करायचं एक होतं. काहींना नाही म्हटलं. एक जण रागावून म्हणाला, तुम्ही मूठभर म्हातारे कोण ठरवणार? दुकानवाल्या बाईंनी त्याला सांगितलं, "ज्यांचं तोंड वापरायचंय ना तुला, ते."

ऐकायचं काम काकांनी मागून घेतलं. दर शनिवारी ते तारनाक्याहून बरकतपुऱ्याला येतात, हॉलच्या कोपऱ्यात बसतात आणि कानाला हेडफोन लावतात. त्यांच्याइतकं बारीक आमच्यापैकी कुणालाच ऐकू येत नाही. मी समोर परीक्षेचे पेपर तपासत बसते. मधूनच ते हेडफोन काढून म्हणतात, ह्यात आक्का जास्त आहे, किंवा हे ठीक आहे, यात कुणीच नाही. आधी मला त्यांच्या त्या बोलण्याची भीती वाटायची. आता सवय झाली आहे. पूर्ण नाही.

गेल्या महिन्यात एका कंपनीनं आपला नवा मराठी आवाज पाठवला. तुमच्या साठ्यातलं थोडंच घेतलंय, बाकीचं आमचंच, असं त्यांनी कळवलं होतं. काकांनी ऐकायला सुरुवात केली. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मी मान वर करून पाहिलं तर ते एका हातानं हेडफोन कानावर घट्ट दाबून बसले होते, भिंतीपलीकडचं ऐकताना दाबतात तसे.

"काय झालं, काका?"

"ह्यात एक बाई आहे."

"आपल्यापैकी कोण?"

"आपल्यापैकी नाही. वेगळीच आहे. खेड्यातली वाटते. ती मधे मधे काहीतरी सांगायलीय, पण शब्द ह्यांचे आहेत, तिचे नाहीत."

मी ऐकलं. मला काहीच वेगळं ऐकू आलं नाही. मुलीनं ऐकलं, यंत्रावर आलेख काढून पाहिले, खांदे उडवले. तरी आम्ही कंपनीला लिहिलं की हा आवाज कुणाचा आहे ते कळवावं, त्याशिवाय तो बाहेर न्यायला आमची परवानगी मिळणार नाही. दोन ओळींचं उत्तर आलं. हा आवाज कुणाही व्यक्तीचा नाही, तो पूर्णपणे निर्माण केलेला आहे.

मी ते काकांना वाचून दाखवलं. खिडकीतून ऊन त्यांच्या गुडघ्यांवर आलं होतं. त्यांनी हेडफोन पुन्हा कानाला लावला, डोळे मिटले आणि थोडा वेळ ऐकत राहिले.

"त्यांना सांग," ते म्हणाले, "तिच्या घरचे शोधा. तिनं आत्ता गाडी जाऊ द्यायला वाट पाहिली, तुझी काकू थांबायची तशी."

मी तसंच लिहून पाठवलं आहे.